पाण्याचा सातवा हिस्सा

१

गुरुवारी सकाळी, चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत, ताळेबाईंच्या लक्षात आलं की अख्ख्या खोऱ्यातलं एक सप्तमांश पाणी बेपत्ता आहे.

ताळेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण ताळा जुळल्याशिवाय ही बाई जेवायला उठत नाही, हे कार्यालयातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पाणीमोजणीच्या त्या दुमजली कार्यालयात, जिन्याखालच्या खोलीत, अकरा वर्षं त्या एकच काम करत होत्या. पानगळीपासून वसंत संपेपर्यंत खोऱ्यात किती पाणी आलं आणि कुठे कुठे गेलं, याचा ताळेबंद मांडायचा. वरून पाऊस आणि बर्फ मिळून जे पडलं, ते एका बाजूला. नदीतून वाहून गेलं ते, उन्हावाऱ्यानं उडालं ते आणि डोंगरात अजून उरलं ते, दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात. शंभरात दोन-तीनचा फरक त्या पोटात घालत. त्याहून जास्त आला की त्यांना झोप लागत नसे.

यंदा वरून पडलं होतं सहाशे तीस मिलिमीटर. नदी, ऊन आणि डोंगर मिळून सापडले पाचशे चाळीस. नव्वद मिलिमीटर पाण्याचा पत्ताच नव्हता, आणि तेही सबंध खोऱ्याच्या अंगावरचं. चहा निवून गेला. बाईंनी बेरीज तीनदा केली, मग खालून वर केली, मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडून करून घेतली. नव्वद ते नव्वदच.

मग त्यांनी एक घाई केली. तो कागद घेऊन त्या थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेबांनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. "सापडला!" ते म्हणाले.

"काय सापडलं?"

"चोर." साहेबांनी टेबलाचा खण उघडला आणि शिशाचं एक तुटकं सील बाईंसमोर ठेवलं. "वरच्या पाटाच्या दाराचं आहे. हिवाळाभर ते दार बंद असायला हवं. गेल्या आठवड्यात मी स्वतः जाऊन पाहिलं. सील तुटलेलं, आणि दाराच्या स्क्रूला ताजं वंगण. माझ्याकडे पुरावा होता, आकडा नव्हता. तो आज तुम्ही दिलात."

"पण साहेब..."

"सोमवारी सकाळी सभा आहे. पाटकऱ्याला कामावरून काढतो, किल्ली काढून घेतो. तुमचा कागद पहिल्या पानावर लावतो."

ताळेबाई कागदाविनाच खोलीबाहेर आल्या. पाटकऱ्याला त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिलं असेल नसेल. आणि सोमवारी त्याला चोर ठरवणारा आकडा त्यांच्या हस्ताक्षरात होता.

२

शुक्रवारी सकाळी सातच्या बसनं बाई वर गेल्या.

नदी डोंगरातून उतरते, पुलाखालून जाते आणि खालच्या तलावात पडते. पुलाच्या बरीच वर, नदीच्या डाव्या काठाला, पाटाचं दार आहे. हिवाळ्यात ते बंद ठेवायचं आणि सगळं पाणी तलावाला द्यायचं. तलाव पुरेसा भरला की उन्हाळ्यात फळबागांना पाटातून दर सहा दिवसांनी पाळी मिळायची. पाळ्या सोडायचं काम पाटकऱ्याचं.

पाटकरी पन्नाशीचा, उंच आणि अबोल. दाराशेजारच्या खोलीत तो फावड्याला दांडा बसवत होता. बाईंना पाहून उठला नाही.

"तुम्हीच ना तो कागद लिहिणाऱ्या?"

बातमी बसच्या आधी पोचली होती. "मीच," बाई म्हणाल्या. "म्हणून तर आले. सील तुम्ही तोडलंत?"

"तोडलं."

एवढ्या सरळ उत्तराची बाईंना अपेक्षा नव्हती. "का?"

"सांगून उपयोग काय? तुमचा आकडा ठरलाय."

"आकडा ठरलाय, पण माझी खात्री पटलेली नाही. आणि खात्री पटली नाही की मला जेवण जात नाही. सकाळपासून मी उपाशी आहे, तेव्हा जरा लवकर सांगा."

पाटकऱ्यानं पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग फावडं बाजूला ठेवलं.

"पाटात पाणी साचून राहिलं की गोठतं. गोठलं की भिंती फुटतात. माझ्या आधीच्या माणसानं नियम पाळला आणि वसंतात दोनशे हात पाट नव्यानं बांधावा लागला. मी थंडीत दार चार बोटं उघडं ठेवतो. वाहतं पाणी गोठत नाही. पुढे सांडवा आहे, तिथून ते पाणी परत नदीतच पडतं."

"सांडवा पुलाच्या वर की खाली?"

"वर. चांगला अर्धा मैल वर."

बाईंनी मनात नकाशा उघडला. नदीचं पाणी पुलाशी मोजतात. पाटानं घेतलेलं पाणी पुलाच्या आधीच नदीत परत येत असेल, तर ते मोजणीत धरलं जातंच. म्हणजे चोरी झालीच नाही. अर्थात, हा माणूस खरं बोलत असेल तर.

"आणि सांडव्याच्या पुढे, बागांकडे?"

"थेंब नाही. पण हे तुम्ही माझ्या तोंडचं का मानावं?"

"मी मानतच नाहीये," बाई म्हणाल्या आणि पाटाच्या काठानं चालू लागल्या.

सांडव्यापाशी पाटाचा तळ दोन वेगळ्या गोष्टी सांगत होता. वरच्या बाजूला दगड धुतलेले, स्वच्छ. खालच्या बाजूला पानगळीतली पानं एकावर एक बसलेली, वरची करडी, खालची काळपट, पापडासारखी चिकटलेली. बाईंनी काठीनं एक थर उचलला. त्याखाली कोळ्याचं जुनं जाळं होतं, न तुटलेलं. हिवाळाभर इथून पाणी गेलं असतं तर पानंही राहिली नसती आणि जाळंही.

त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, पानांचं मलाही कळतं," ते म्हणाले. "पण खाली तलाव भरलेला नाही आणि लोक मला विचारताहेत पाणी कुठे गेलं. पाटकऱ्यानं नाही नेलं म्हणता ना? मग कोणी नेलं ते सोमवारी सांगा. मी त्याला सोडतो. नाही सांगता आलं, तर तुमचा पहिलाच कागद खरा धरतो."

३

पुलावर नदीची पातळी वाचणारा माणूस बाईंना आधीपासून संशयास्पद वाटत होता, आणि त्याला कारणही तसंच होतं. तो पाटकऱ्याचा सख्खा मेहुणा, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. आणि दोघांमध्ये नऊ वर्षं बोलणं नव्हतं.

पुलाच्या खांबावरच्या पट्टीवर पाणी जिथे दिसतं त्याहून दोन बोटं कमी लिहायचं, एवढंच. नदी कागदावर आटते आणि दाजी चोर ठरतात. इतकी सोपी युक्ती कोणालाही सुचली असती.

मेहुणा गोलमटोल, बोलका, गळ्यात चष्मा अडकवलेला. त्याच दुपारी बाईंनी त्याच्याकडे वही मागितली, तर त्यानं वहीबरोबर खुर्ची, पाणी आणि कौटुंबिक इतिहास एकदम पुढे केला.

"दाजी माणूस म्हणून कसे आहेत, मला विचारू नका. माझ्या बहिणीच्या घरचा उंबरा मी नऊ वर्षं ओलांडलेला नाही. भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही धड आठवत नाही, पण झालं ते झालं."

"म्हणजे त्यांची नोकरी गेली तर तुम्हाला वाईट वाटणार नाही."

"वाईट? छे! त्या दिवशी मी गोडाचं जेवीन." तो हसला आणि मग एकदम गंभीर झाला. "पण बाई, तुम्ही मला जे विचारताय ते मला कळतंय. चला खाली."

त्यानं त्यांना पुलाच्या खांबाशी नेलं. पट्टीवरचा आकडा बाईंनी स्वतः वाचला. मग दोघांनी मिळून लाकडाचे तुकडे पाण्यात सोडले, घड्याळ लावून नदीचा वेग काढला, दोरीनं खोली मोजली. गुणाकार बाईंनी गुडघ्यावर वही ठेवून केला. पट्टीच्या त्या आकड्याला कार्यालयाच्या तक्त्यात जे उत्तर होतं तेच आलं. शंका राहू नये म्हणून त्यांनी तलावाच्या पातळीच्या नोंदीही काढून पाहिल्या. नदीनं जितकं दिलं असं पुलाची वही म्हणत होती, तितकाच तलाव चढला होता.

"झालं समाधान?" मेहुण्यानं विचारलं. "आता एक गोष्ट फुकट सांगतो. दाजींनी दार उघडून बागांना पाणी दिलं असतं ना, तर इथे माझ्या पट्टीवर पाणी झपकन उतरलं असतं. सकाळ-संध्याकाळ मी तेच तर बघत बसतो. एक बोट जरी उतरलं असतं, तरी त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला असता. धावत जाऊन केला असता."

पाटकऱ्याला याच्याइतका चांगला साक्षीदार सापडला नसता. वाईट व्हावं म्हणून नऊ वर्षं डोळ्यांत तेल घालून बसलेला माणूस सांगत होता की काहीही झालं नाही.

"हे सोमवारी सभेत सांगाल?"

मेहुण्याचं तोंड आंबलं. "दाजींच्या बाजूनं?"

"पट्टीच्या बाजूनं."

"बघतो," तो म्हणाला, आणि तेवढ्यावरच थांबला.

४

शनिवारी कार्यालय बंद होतं. बाईंनी जिन्याखालची खोली उघडून घेतली आणि गेल्या दहा वर्षांच्या वह्या जमिनीवर मांडल्या.

पाणी बागांकडे गेलं नव्हतं. नदीच्या नोंदी खऱ्या होत्या. उन्हानं उडालेलं पाणी? यंदाचा वसंत उलट थंड होता, फार तर दहा मिलिमीटरचा फरक पडला असता. डोंगरात उरलं? बर्फ केव्हाच वितळला होता, झऱ्यांची पाहणी झाली होती. दुसऱ्या बाजूचा एकेक दरवाजा उघडून त्यांनी बघितला आणि प्रत्येक खोली रिकामी निघाली.

बाई उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. चोरी झाली म्हटलं की आपण सगळे दार तपासतो, कडी तपासतो. वस्तू मुळात घरात होती का, हे विचारत नाही. दोन दिवस आपण पाणी कुठे गेलं हेच शोधतोय, त्यांना वाटलं. ते आलं होतं का?

खोऱ्यात पाऊस आणि बर्फ दोन ठिकाणी मोजत. एक मापक खाली तलावाशी. दुसरं वर, कड्याखालच्या मापकघरात. खोऱ्याचा बराचसा भाग उंचावर असल्यामुळे वरच्या आकड्याला तीन चतुर्थांश वजन, खालच्याला एक चतुर्थांश. वरचं मापकघर एक म्हातारं जोडपं सांभाळत होतं. सगळे त्यांना आजोबा आणि आजी म्हणत. तीस वर्षांत त्यांच्या वहीत खाडाखोड म्हणून सापडली नव्हती.

बाईंनी यंदाची वही उघडली. तेच टपोरं, जरा उजवीकडे झुकलेलं अक्षर. पानगळीतला पाऊस: एक, साडेचार, शून्य पूर्णांक सहा, बारा. वसंतातला पाऊस: दोन, अर्धा, सात. सगळं कसं नेहमीसारखं. मधले बर्फाचे महिने: चौदा, सात, नऊ, साडेपाच, अठरा, सहा, अकरा.

बाईंनी ते आकडे मोठ्यानं वाचले. काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. त्यांनी मागच्या वर्षीची वही घेतली आणि तेच महिने वाचले. तेरा, दोन, चार, अर्धा, पंधरा, एक, सहा.

त्यांनी पेन्सिल घेऊन यंदाच्या बर्फाच्या दिवसांवर एकेक टिंब दिलं. चोवीस दिवस. चोवीस दिवसांत सगळ्यात लहान आकडा पाच पूर्णांक दोन. दहा वर्षांत एकही हिवाळा असा नव्हता की ज्यात अर्धा, एक, दोन मिलिमीटरचे भुरभुरते दिवस नाहीत. तलावाशी यंदाही ते होते. वर डोंगरावर मात्र बर्फ पडायचा तर पाचाच्या वर, नाहीतर मुळीच नाही.

आभाळ असं मोजून मापून वागत नाही. पण माणूस वागतो.

तीस वर्षांचा विश्वासू माणूस आकडे मनानं लिहीत होता की काय?

५

मापकघर म्हणजे कड्याखालची दोन खोल्यांची दगडी इमारत, पुढे अंगण, अंगणात खांबावर बसवलेला मापकाचा पत्र्याचा डबा. घर कार्यालयाचं. नोंदी ठेवणाऱ्याला राहायला दिलेलं. रविवारी दुपारी बाई धापा टाकत तिथे पोचल्या तेव्हा आजोबा दारात उन्हाला बसले होते.

"कोण? चढून आलात, दम लागलाय. शहरातल्या दिसता. बसा बसा, स्टूल घ्या." त्यांनी उजवीकडे हात केला. उजवीकडे काहीच नव्हतं. स्टूल डावीकडे होतं.

बाई मुकाट्यानं डावीकडे बसल्या.

आजी आतून आल्या. ठेंगण्या, चपळ, पदर खोचलेला. ताळेबाई म्हणजे कोण हे कळल्यावर त्यांना इतका आनंद झाला की बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अगं बाई, दर महिन्याला मी ज्यांना कागद पाठवते त्या तुम्हीच होय? अकरा वर्षांत आज उगवलात! आधी जेवा."

जेवताना बाईंनी विषय काढला. "यंदा बर्फ कसा काय होता, आजोबा?"

"ही म्हणते बरा होता. मला काही तसं वाटलं नाही. पायाखाली बर्फ भरपूर असला की एक दबका आवाज येतो. यंदा सगळा वेळ दगडच वाजत होते."

"तुम्हाला काय कळतंय!" आजी चटकन म्हणाल्या. "वहीत लिहिलेलं खोटं का?"

"वही कोण लिहितं, आजी?"

"मीच की. पहिल्यापासून मीच. हे वाचून सांगायचे, मी लिहायची. यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय." बोलता बोलता त्या थांबल्या. *सांगायचे*, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि ते त्यांच्याही कानाला लागलं.

आजोबांनी घसा खाकरला.

"सांगून टाक. त्यांना केव्हाच कळलंय. मी सांगितलं तिकडे त्या बसल्या नाहीत, दुसऱ्या बाजूनं त्यांचा आवाज आला." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "बाई, मागच्या पानगळीपासून मला धड काही दिसत नाही. मोजनळीवरच्या रेघा तर नाहीतच. नोंदी आता ही घेते. कार्यालयाला कळलं तर घर जाईल म्हणून आम्ही बोललो नाही. पण एकही दिवस चुकवलेला नाही तिनं. अंगावर रजई घेऊन भर थंडीत बाहेर जायची."

"मनानं एकही आकडा लिहिलेला नाही," आजी म्हणाल्या. त्यांची नजर हलली नाही. "शपथ घ्यायला लावा."

बाईंचा त्या दोघांवरही विश्वास बसला. कोडं मात्र जिथल्या तिथेच होतं. खोटं कोणी लिहिलं नव्हतं, तरी आकडे खरे नव्हते.

"आजी," त्या हळूच म्हणाल्या, "शपथ नको. बर्फ पडला की तुम्ही तो कसा मोजता, ते मला करून दाखवाल?"

"आता? आता बर्फ कुठाय?"

"तो आहे असं समजू."

६

आजी लगबगीनं अंगणात गेल्या, खांबावरचा डबा काढून आत घेऊन आल्या. डबा आतून कोरडा ठणठणीत होता. बाईंनी बोट फिरवून पाहिलं.

"हा बर्फानं भरलेला समजा," आजी म्हणाल्या. "बर्फ तसाच नळीत कसा जाणार? तो आधी वितळवायला हवा. हे इथे शेगडीशी उभे राहायचे आणि मी तिकडे टेबलाशी वही घेऊन बसायची. हा यांचा पेला." त्यांनी फळीवरून एक लहान पेला घेतला, शेगडीवरच्या पातेल्यातलं कोमट पाणी त्यात काठोकाठ भरलं आणि डब्यात ओतलं. "तीस वर्षं हाच पेला. एक पेला, ना कमी ना जास्त. डबा असा हलवायचा. वितळला बर्फ. मग सगळं नळीत."

त्यांनी डबा उचलून त्यातलं पाणी काचेच्या मोजनळीत ओतलं. थेंबनथेंब निथळू दिला. मग नळी खिडकीपाशी धरली आणि डोळे बारीक करून वाचलं.

"पाच."

त्या म्हणाल्या, आणि त्यांचे ओठ तसेच उघडे राहिले.

डब्यात बर्फ नव्हता. आभाळ निरभ्र होतं. आणि नळीत पाच मिलिमीटर उभे होते.

"अगं," आजोबा आतल्या आत ओरडल्यासारखे म्हणाले, "पेल्याचे पाच वजा कोण करणार?"

"वजा?"

"मी करायचो ना! नळी वाचायची, पाच काढायचे आणि तुला उरलेलं सांगायचं."

"तुम्ही नुसता आकडा सांगायचा. वजाबाकी कधी सांगितलीत?"

"तोंडानं कशाला करायला हवी? मनात व्हायची ती. श्वास घेतो तशी." आजोबांचा चेहरा विस्कटला. "तीस वर्षं. तीस वर्षं मी तुला सांगितलंच नाही?"

"मला वाटायचं, नळीवरच्या रेघा ते पाणी धरूनच मारल्यात," आजी म्हणाल्या, आणि डब्याशेजारी मटकन खाली बसल्या.

बाईंनी वही काढली. बर्फाचे चोवीस दिवस. रोजचे पाच जास्त. एकशेवीस. वरच्या मापकाला वजन तीन चतुर्थांश. एकशेवीसचे तीन चतुर्थांश नव्वद.

नव्वद. शेवटच्या मिलिमीटरपर्यंत नव्वद! पावसाच्या दिवशी पेला लागत नव्हता, म्हणून पावसाचे आकडे बरोबर होते. अर्धा मिलिमीटर बर्फ कागदावर साडेपाच होत होता, म्हणून भुरभुरते दिवस नाहीसे झाले होते. कोणी काही चोरलं नव्हतं. ते पाणी डोंगरावर कधी पडलंच नव्हतं. ते या शेगडीवरून आलं होतं.

वही मिटल्यावर त्यांना आजी दिसल्या. म्हातारी पदरानं डोळे पुसत होती.

"माझ्यामुळे एका भल्या माणसावर चोरीचा आळ आला."

"तुमच्यामुळे नाही," बाई म्हणाल्या, आणि ते त्यांनी नुसतं समजूत घालायला म्हटलं नव्हतं. "वहीच्या छापील पानावर पेल्याला रकानाच नाही. अकरा वर्षं तुमचे कागद माझ्याकडे येताहेत. बर्फ कसा मोजता, हे मी एकदाही विचारलं नाही. आणि गुरुवारी न विचारताच कागद साहेबांच्या हातात दिला. ही चूक मी माझ्या नावावर लिहिणार आहे."

"आणि घर?" आजोबांनी विचारलं.

"एकच पेला, तोही रोज काठोकाठ, म्हणून तर चूक इतकी नेमकी सापडली. अशी नोंद ठेवणारं माणूस कार्यालयाला दुसरं कुठे मिळणार? नेमणूक आजींच्या नावावर करा, असं मी लिहून देते. साहेब नाही म्हणाले तर त्यांना इथे चढून यायला सांगते."

७

सोमवारच्या सभेत बाईंनी डबा, पेला आणि नळी टेबलावर मांडली आणि साहेबांच्याच हातानं कोरड्या डब्यातून पाच मिलिमीटर काढून दाखवले. साहेबांनी ते दोनदा करून पाहिलं. मेहुणाही आला होता. मागच्या बाकावरून उठून, छताकडे बघत, "पट्टीवर हिवाळाभर पाणी उतरलेलं नाही, दाजींनी काही घेतलेलं नाही," एवढं एका दमात बोलून तो खाली बसला. साहेब मानी होते, पण कोत्या मनाचे नव्हते. त्यांनी आजींच्या नेमणुकीवर सही केली आणि पाटाची किल्ली पाटकऱ्यापुढे सरकवली.

पाटकऱ्यानं ती उचलली नाही. त्यानं बाईंना विचारलं, "म्हणजे बर्फच कमी पडला?"

"हो."

"म्हणजे तलाव भरला नाही तो आता भरणारही नाही."

हे बाईंना काल संध्याकाळी उतरताना सुचलं होतं आणि तेव्हापासून त्या त्याच वाक्याला घाबरत होत्या. चोर सापडला असता तर चोरी थांबवता आली असती. इथे थांबवायला काही नव्हतं. न पडलेलं पाणी धरून सगळ्यांना पाळ्या कबूल झाल्या होत्या.

"दर सहा दिवसांऐवजी सात," त्या म्हणाल्या. "निदान सात."

"हे बागांमध्ये मी एकटा नाही सांगणार," पाटकरी म्हणाला. "तुम्ही चला."

दुपारी बागवाले पाटाच्या दाराशी जमले. तीस-चाळीस माणसं, हाताला माती. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं, डब्यापासून नव्वदपर्यंत, आणि स्वतःची चूकही. ऐकता ऐकता काहींचे चेहरे पडले, काहींचे रागानं लाल झाले. एक दिवस म्हणजे काय, हे फळ धरलेल्या झाडांच्या मालकांना सांगावं लागत नाही.

"मग चोरलं कोणी?" मागून कोणीतरी विचारलं. त्याला अजून चोर हवा होता.

"कोणी नाही. ते आलंच नव्हतं."

मग पुढे उभा असलेला एक बागवाला मान खाली घालून पाटकऱ्याकडे वळला. गुरुवारी संध्याकाळी याच माणसानं त्याला भर रस्त्यात चोर म्हटलं होतं. "आम्ही तुम्हाला नाही नाही ते बोललो," तो म्हणाला. "त्याचं आता काय करायचं?"

पाटकऱ्यानं किल्ली कुलुपात घातली.

"ते मी विसरणार नाही," तो म्हणाला. "पण झाडं माझ्यासाठी थांबणार नाहीत. पाळ्या लिहून घ्या."